'मी' म्हणजे मी की मला?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की इंग्रजीत काही अडत असेल तर विचारा, आणि विचारलंत की हो तुम्ही, पिशवीभर पत्रं आणि फोनवर मेसेज वेगळेच. गंमत म्हणजे मोठमोठे शब्द कुणालाच अडत नाहीयेत, सगळ्यांचं घोडं अडलंय टू, फॉर, बाय, मी, हिम, इट असल्या चिल्लर शब्दांपाशी. आता चिल्लर म्हटलं तरी आपल्या नाशिकच्या सिटीलिंक बसच्या कंडक्टरला विचारा चिल्लर नसली की सकाळी सकाळी काय होतं ते. सात पत्रं घेतलीत, बाकीच्यांनी राग मानू नका. नावं मुद्दाम काढलीत, कारण दोघातिघांनी ऑफिसातल्या आणि घरातल्या भानगडीसुद्धा लिहिल्यात.

प्रश्न : नमस्कार ताई. अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे, मेल इंग्रजीतूनच करावे लागतात. परवा साहेबांना लिहिलं, "प्लीज एक्स्प्लेन मी द न्यू शेड्यूल". त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की "एक्स्प्लेन टू मी" पाहिजे. बरं म्हटलं, चुकलं. दोन दिवसांनी लिहिलं "प्लीज टेल टू मी", तर म्हणे इथे टू नको. काय भो, मराठीत दोन्हीकडे "मला"च आहे ना, मला समजवा, मला सांगा. मग टू कुठे लावायचा आणि कुठे नाही हे ठरवतं कोण? (एक वाचक, सिडको)

उत्तर : क्रियापद ठरवतं, दादा. सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. साहेब दोन्ही वेळा बरोबर होते, फक्त सगळ्यांसमोर काढायची काही गरज नव्हती, ते त्यांचं चुकलंच.

आपला "ला" शब्दाच्या शेपटीला जाऊन चिकटतो आणि चिकटताना शब्दाला थोडा वाकवतो पण, साहेबचं साहेबाला होतं, कुत्राचं कुत्र्याला. आपण लहानपणापासून ते इतकं बिनबोभाट करतो की इंग्रजी लिहिताना पण हात आपोआप शेपूट शोधतो, आणि "ला" म्हणजे टू असं एकदा डोक्यात बसलं की तो टू कुठेही डकवला जातो. इंग्रजीत शेपूट नाही. तिथे तो टू नामाच्या आधी सुटा उभा राहतो, आणि उभं राहायचं की नाही हे मागचं क्रियापद सांगतं.

टेल, गिव्ह, सेंड, शो, टीच, आस्क, यांना माणूस थेट चालतो. "टेल मी", "शो हर", "आस्क हिम". एक्स्प्लेन, डिस्क्राइब, सजेस्ट, मेन्शन, अनाउन्स, यांना माणसाच्या आधी टू लागतो. "एक्स्प्लेन इट टू मी", "ही सजेस्टेड इट टू अस". दोन्ही रांगा जरा मोठ्याने म्हणून बघा. पहिल्या रांगेतले शब्द आखूड, घरातले, इंग्रजीचे जुने स्वतःचे. दुसऱ्या रांगेतले लांबलचक, लॅटिनकडून आलेले, काही सरळ तर काही फ्रेंचच्या दारातून. घरच्या माणसांना थेट हाक मारायची, पाहुण्यांशी जरा अंतर ठेवून. हे काही दगडावरची रेघ नाही हां, "प्रॉमिस" पाहुणा असून "प्रॉमिस मी" चालतं आणि "से" घरचा असून "से टू मी" म्हणावं लागतं (तुमचा पुढचा मेल "ही सेड मी" असा जाऊ नये म्हणून आत्ताच सांगतेय), पण अडल्यावेळी अंदाज बांधायला बरं पडतं.

आता खरी मजा. माझ्या संध्याकाळच्या क्लासमध्ये मी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे लिहिते मला सांग, माझं ऐक, माझी वाट बघ, माझ्याकडे बघ, मला हसू नकोस, माझ्यावर चिडू नकोस. उजवीकडे टेल मी, लिसन टू मी, वेट फॉर मी, लुक ॲट मी, डोन्ट लाफ ॲट मी, डोन्ट बी अँग्री विथ मी. आता नुसतं बघा. डावीकडे मला, माझं, माझी, माझ्याकडे, माझ्यावर असा त्या सर्वनामाचा नुसता नाच चाललाय, आणि उजवीकडे शेवटी आपलं एकच "मी" बसलंय मख्ख, हलतंय ते मधलं अक्षरभर शब्दाचं पिल्लू. म्हणजे मराठीत सर्वनाम नाचतं आणि इंग्रजीत शब्दयोगी. हे एकदा दिसलं की "वेट टू मी" किंवा "वेट माय" असलं काही तोंडातून निघत नाही.

म्हणून पाठ करायचं तर सुटं क्रियापद करूच नका. भाजीबाजारात कोथिंबीर कुणी काडी काडी मागतं का, जुडी घेतो आपण. वहीत "वेट" लिहू नका, "वेट फॉर" लिहा. "लिसन टू", "डिपेंड ऑन", "अफ्रेड ऑफ", अशी जुडीच बांधून ठेवा. नाहीतर "कुत्र्याला घाबरतो" चं "अफ्रेड टू द डॉग" होतं.

आणि उलटा आजार पण असतो, नको तिथे काडी घुसवायची. "वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम". आपल्या डोक्यात "त्याबद्दल चर्चा केली" असतं म्हणून तो अबाउट येतो, पण डिस्कसच्या पोटात "बद्दल" आधीच आहे, "वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम" एवढंच. तसंच "रीच्ड टू नाशिक" नाही, "रीच्ड नाशिक". "एंटर्ड इन द ऑफिस" नाही, "एंटर्ड द ऑफिस". "कॉन्टॅक्ट विथ मी" नाही, "कॉन्टॅक्ट मी". आणि लग्नपत्रिकेच्या सीझनला हमखास कानावर पडणारं "शी इज मॅरीड विथ अ डॉक्टर", त्याच्याशी लग्न झालं म्हणून विथ, तर ते "मॅरीड टू". इथे मात्र टू. चिडू नका, जुडी बांधा.

प्रश्न : मुलगी सिनियर केजीत आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी. ती सारखी "मी इज हंग्री", "मी वॉन्ट वॉटर" असं बोलते. सासूबाई म्हणतात बरोबरच आहे की, मी म्हणजे मीच. टीचरनी मात्र डायरीत लिहून पाठवलंय. दोन भाषांची खिचडी होतेय का तिच्या डोक्यात? (एक आई, गंगापूर रोड)

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांचं लॉजिक मला फार आवडलं. पण मला वाटतं तुमची लेक त्यांच्याहून पुढे गेलीय.

बघा हं, तुम्ही जी दोन वाक्यं लिहिलीत ती मराठीत करून बघा. "मला भूक लागलीय". "मला पाणी हवंय". दोन्हीत मला! आणि इंग्रजी "मी" चा अर्थ आपला मी नाहीच, तो आपला "मला" आहे. म्हणजे पोरीने कदाचित चोख भाषांतर केलंय आणि आपण तिला चूक म्हणतोय. एक करा, "मी जाते", "मी खेळते" हे ती इंग्रजीत कसं म्हणते ते नीट ऐका. तिथे "आय" येत असेल तर मी म्हणते ते खरं. तिथे पण "मी" येत असेल तरी घाबरू नका, जन्मजात इंग्रजी घरातली पोरं पण लहानपणी "मी वॉन्ट" म्हणतात आणि आपोआप सुटतं.

आणि हे तर डायरीत लिहूनच पाठवा टीचरना (नका पाठवू, उगाच वाद). हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत भूक "मला"च लागायची. तेव्हाचं वाक्य "मी" ने सुरू व्हायचं, म्हणजे आपल्या मला ने, आणि पुढे भूक लागण्याचं क्रियापद. तहानेचंही तसंच. "मीथिंक्स" असा एक जुना शब्द शेक्सपिअरच्या नाटकांत सापडतो, त्याचा अर्थ शब्दशः "मला वाटतं". मी विचार करतो असा नाही हां, मला वाटतं. त्यातलं थिंक हे विचार करण्याचं नव्हेच, वाटण्याचं एक वेगळं क्रियापद होतं, ते पुढे मेलं आणि दुसऱ्यात मिसळून गेलं. नंतर इंग्रजांनी सगळं कर्त्याच्या गळ्यात घातलं, आय थिंक, आय ॲम हंग्री, आय लाइक. आपण अजून मला वाटतं, मला भूक लागते, मला आवडतं वरच आहोत आणि मला तेच बरं वाटतं, भूक काय आपण करतो का, ती लागते.

इंग्रजीने नामांच्या विभक्त्या जवळजवळ सगळ्या टाकून दिल्या. डॉग कर्ता असला काय, कर्म असला काय, डॉगच. फक्त सर्वनामांत तेवढं जुनं उरलंय, आय-मी, ही-हिम, शी-हर, वी-अस, दे-देम. जुना वाडा पाडून बिल्डिंग होते पण मागच्या अंगणातलं तुळशीवृंदावन कुणी हलवत नाही, तसं. "यू" चं तर आणखी विचित्र, ते मुळात तुम्हाला होतं, तुम्ही साठी "यी" असा वेगळा शब्द होता, आणि एकट्या जवळच्या माणसाला "दाऊ" म्हणायचे, आपल्या तू सारखं. मग हळूहळू तुम्हाला हाच शब्द तू, तुला, तुम्ही, तुम्हाला सगळ्यांच्या बोडक्यावर बसला. एका माणसाला पण "यू आर" म्हणतात ते त्यामुळेच, "यू इज" नाही. अहोजाहो करूनच बोलतात बिचारे सगळ्यांशी, अगदी कुत्र्याशी सुद्धा.

मोठ्यांसाठी एक युक्ती देऊन ठेवते कारण ही चूक प्राध्यापकांना पण होते. "ही कॉल्ड माय ब्रदर अँड आय" की "अँड मी"? भावाला क्षणभर बाजूला बसवा. "ही कॉल्ड आय" म्हणाल का? नाही. मग "माय ब्रदर अँड मी". "बिट्वीन यू अँड मी" पण तसंच, तिथे आय म्हटलं की भारी वाटतं पण चुकतं.

प्रश्न : पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई करतो. फोनवर "आय ॲम इन द ट्रेन" म्हणायचं की "ऑन द ट्रेन"? ऑन म्हणजे टपावर बसल्यासारखं वाटतं. (एक पासधारक, नाशिक रोड)

उत्तर : ऑनच म्हणा, टपावर कुणी समजणार नाही. ज्या वाहनात चढून उभं राहता येतं, चार पावलं चालता येतं, ते ऑन. ऑन द ट्रेन, ऑन द बस, ऑन द प्लेन. ज्यात वाकून घुसून नुसतं बसावं लागतं ते इन, इन द कार, इन द रिक्षा. मग जुडी पण तशीच बदलते, बसमध्ये "गेट ऑन" आणि उतरताना "गेट ऑफ", रिक्षात "गेट इन" आणि उतरताना "गेट आउट ऑफ". स्कूटर मात्र ऑन, तिथे खरोखरच वर बसतो. "इन द ट्रेन" अगदी चूक नाही, डब्याच्या आत काय चाललंय ते सांगत असाल तर चालतंय, तुमच्या गाडीला तर दारात लटकणाऱ्यांसाठी तिसराच शब्द काढावा लागेल.

वर-मध्ये वरून एक नाशिकचंच आठवलं. आपण गोदावरीला गंगा म्हणतो आणि "गंगेवर गेलो होतो" म्हणतो, बुधवारचा बाजार पण गंगेवर. माझ्या एका विद्यार्थ्याने बाहेरगावच्या मित्राला मेसेज केला, "आय ॲम ऑन द रिव्हर, कम फास्ट". मित्र रामकुंडापाशी येऊन नाव शोधतोय, होडीतून येणार म्हणून! गाव असेल तर ऑन चालतं बरं का, "नाशिक इज ऑन द गोदावरी" एकदम बरोबर, गाव काठावर वसलेलं असतं. माणूस मात्र "बाय द रिव्हर" किंवा "ॲट द रिव्हर". "इन द रिव्हर" म्हणालात तर टॉवेल घेऊन येतील.

प्रश्न : क्लायंटला लिहिलं "आय विल सेंड द फाइल टिल मंडे". त्याचा रिप्लाय आला, "वन्स इज इनफ". टीममध्ये हसं झालं, मला अजून कळलं नाही काय झालं. (एक सॉफ्टवेअरवाला, इंदिरानगर)

उत्तर : तुम्हाला म्हणायचं होतं सोमवारपर्यंत फाइल पाठवतो. त्याने वाचलं, सोमवार उजाडेपर्यंत फाइल पाठवतच राहीन. म्हणून तो म्हणाला बाबा रे, एकदा पुरे.

दोष आपल्या "पर्यंत" चा. फार कामसू शब्द आहे, तीन माणसांचं काम एकटा करतो. सोमवारपर्यंत काम होऊन जाईल, म्हणजे शेवटची मुदत, तिथे "बाय मंडे". सोमवारपर्यंत मी गावाला आहे, म्हणजे तोवर चालूच, तिथे "टिल मंडे" किंवा "अन्टिल मंडे". आणि पुरात पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलं, इथे जागेची हद्द आहे, तिथे "अप टू हिज वेस्ट". क्रियापदाला विचारायचं, तू एकदाच घडून संपणार आहेस का चालू राहणार आहेस? सेंड, फिनिश, पे, सबमिट हे एकदा होऊन संपतात, त्यांना बाय. स्टे, वेट, वर्क, स्लीप हे लांबत जातात, त्यांना टिल.

याचा सख्खा भाऊ म्हणजे "पासून". यात मी स्वतः आपटलेय. १९८८ साली एका शाळेत इंटरव्ह्यू होता, इंग्रजीची शिक्षिका म्हणून, आणि मी ऐटीत सांगितलं, "आय ॲम टीचिंग सिन्स फाइव्ह इयर्स". समोरच्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त पेन खाली ठेवलं. ते पेन ठेवल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. नोकरी नाही मिळाली हे वेगळं सांगायला नको. पाच वर्षांपासून म्हणजे किती काळ ते सांगतोय, तिथे "फॉर फाइव्ह इयर्स". सिन्स लागतो तो सुरुवातीच्या खुंट्याला, ती तारीख, तो दिवस. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, सिटीलिंक २०२१ पासून आहे, दोन्हीकडे सिन्स. आणि क्रियापद पण सोबत बदलतं, आपण साधं "शिकवतेय" म्हणतो पण त्यांना "हॅव बीन टीचिंग" लागतं, कारण मागून सुरू होऊन आत्तापर्यंत आलंय हे क्रियापदातच दिसावं लागतं. "आय हॅव बीन टीचिंग फॉर फाइव्ह इयर्स". हे वाक्य मी त्या दिवशी घरी येताना सीबीएस बसस्टँडपर्यंत म्हणत आले, उशिरा सुचलेलं शहाणपण.

प्रश्न : मॅडम, दहावीत आहे. "स्विच ऑफ इट" लिहिलं तर मार्क गेला. पण "स्विच ऑफ द फॅन" बरोबर दिलं. फॅनच्या जागी इट टाकला तर चूक कशी? (एक विद्यार्थिनी, सातपूर)

उत्तर : अगं, मार्क बरोबरच गेला, पण प्रश्न झकास आहे. "स्विच ऑफ द फॅन" चालतं, "स्विच द फॅन ऑफ" पण चालतं, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसवायचं, "स्विच इट ऑफ". "पिक मी अप", "थ्रो देम अवे", "राइट इट डाउन", सगळीकडे सर्वनाम सँडविचमधल्या काकडीसारखं मध्ये. कारण असं की इंग्रजी वाक्यात वजनदार, नवीन माहिती शेवटाकडे जाते, आणि इट हे हलकं आणि जुनं, आधी बोलून झालेलं, त्याला शेवटची मानाची खुर्ची देत नाहीत.

पण सगळेच असे मध्ये बसत नाहीत. "लुक आफ्टर द बेबी" चं "लुक इट आफ्टर" होणार नाही, "लुक आफ्टर इट"च. ओळखायचं कसं? आधी सर्वनाम बाजूला ठेव आणि पूर्ण नाम मध्ये घालून बघ. "टर्न द गॅस ऑफ" म्हणता येतं, म्हणजे तो लहान शब्द सुटून पुढे जाऊ शकतो, मग सर्वनाम मध्ये. "लुक द बेबी आफ्टर" म्हणता येत नाही, म्हणजे तो शब्द नामाला धरून बसलाय, मग सर्वनाम त्याच्या मागे. "वेट फॉर हिम", "लिसन टू हर" हे दुसऱ्या गटातले.

आणि हे ऑफ, अप, अवे परके वाटत असतील तर आपलंच बघ. "खा" आणि "खाऊन टाक" यात फरक आहे ना? "टाक" मुळे काम पूर्ण संपवायचं असं कळतं, फेकायचं काहीच नसतं. "ईट" आणि "ईट अप" मध्ये तसंच आहे, अप मुळे ताट चाटूनपुसून. "फेकून दे" मध्ये देण्यासारखं काय असतं? तेच "थ्रो अवे". आपण क्रियापदामागे क्रियापद जोडतो, ते लहान शब्द जोडतात.

प्रश्न : मुलगा-सून अमेरिकेत, सून तिकडचीच, स्वभावाने गोड. गेल्या महिन्यात आले होते. मी तिला म्हटलं, "वी आर गोइंग टू वणी टुमॉरो". मला म्हणायचं होतं मी आणि हे जाणार, आमचा नवस होता. सकाळी पाचला बघतो तर सून आंघोळ करून, ड्रेस घालून, पाण्याची बाटली घेऊन तयार. आता नाही कसं म्हणायचं? माझी चूक झाली का? (एक सासू, पंचवटी)

उत्तर : काकू, चूक तुमची नाही, चूक त्या "वी" ची. आपल्याकडे आम्ही वेगळं आणि आपण वेगळं. आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर, आपण म्हटलं की समोरचा आत. इतकी सोय आहे ही, की "आम्ही पिक्चरला चाललोय" यातच तुला बोलावलं नाही हे न दुखवता सांगून होतं. गुजरातीत पण आहे, तमिळ-तेलुगूत पण आहे. इंग्रजीत नाही. त्यांच्या वी मध्ये समोरचा आहे की नाही हे समोरच्यानेच ओळखायचं, आणि तुमच्या सुनेने चांगल्या मनाने ओळखलं.

पुढच्या वेळी दोघंच जाणार असाल तर "जस्ट द टू ऑफ अस" जोडा, किंवा सरळ नावं घ्या. सगळे मिळून जायचं असेल तर "लेट्स गो टू वणी". लेट्स मध्ये समोरचा कायम आत असतो, तो आपला "चला जाऊया". पण ते लेट्स फोडून "लेट अस गो" केलंत तर जपून, त्याचा "आम्हाला जाऊ द्या" असाही अर्थ होतो, म्हणजे समोरचा एकदम बाहेर, शिवाय आपल्याला अडवून धरणारा! एका अपॉस्ट्रॉफीत आपण चं आम्ही होतं. तुम्ही लिहिलंय की शेवटी तिला घेऊन गेलात आणि गडावर ट्रॉलीत ती सगळ्यात जास्त खूश होती. मग झालं की. देवीनेच वी म्हटलं असेल.

प्रश्न : दार वाजलं आणि आतून "हू इज इट?" आलं तर उत्तर "इट्स मी" द्यायचं की "इट इज आय"? आमच्या सोसायटीतले एक निवृत्त सर म्हणतात मी म्हणणं अडाणीपणा आहे. आणि मुळात माणसाला "इट" का म्हणतात? (एक वाचक, कॉलेज रोड)

उत्तर : "इट्स मी". निवृत्त सर लॅटिनच्या नियमाने बोलताहेत, कागदावर त्यांचं खरं असेल पण "इट इज आय" म्हणून दारात उभे राहिलात तर आतला माणूस आधी साखळी लावेल मग दार उघडेल. बोलताना क्रियापदाच्या पुढच्या जागेवर मी, हिम, देम हेच बसतात आता.

इट बद्दल म्हणाल तर तिथे इट म्हणजे काहीच नाही. इंग्रजी वाक्याला कर्त्याची खुर्ची रिकामी चालत नाही, कोणी नसलं तर इट ला बसवतात, हजेरीपटावरच्या प्रॉक्सीसारखं. आपण "अंधार झाला", "उकडतंय", "गडगडतंय" म्हणून मोकळे, कोण उकडतंय कुणी विचारत नाही. त्यांना "इट्स डार्क", "इट्स हॉट", "इट्स थंडरिंग" करावं लागतं. अवकाळी आला की दिंडोरी-पिंपळगावकडची द्राक्षवाली पोरं क्लासमध्ये "रेन इज कमिंग" म्हणतात, मला आवडतं ते, पाऊस त्यांच्यासाठी खरंच कुणीतरी येणारा असतो. पण पेपरात "इट इज रेनिंग" लिहा रे बाबांनो.

आणि सासूबाई, गंगापूर रोडच्या, वाचताय ना? ही एकच जागा तुमची. दार वाजलं, कोण आहे, मी! मराठीत पण मी आणि इंग्रजीत पण मी, नुसतं "मी!" ओरडलं तरी दोन्हीकडे बरोबर. आत्ता हे लिहितानाच बेल वाजली, मी विचारलं कोण, बाहेरून आवाज आला "मी", आणि दार उघडेपर्यंत मला काही कळलं नाही की हा इस्त्रीवाला आहे की वरच्या मजल्यावरचा इंग्लिश मीडियमचा पोरगा. इस्त्रीवाला होता. दोन शर्ट कमी आणलेत.